कारल्याला चाळणी म्हणणारा माणूस

आमच्या घरात दर रविवारी सकाळी माझी अब्रू जाते. वेळ ठरलेली नाही, पण चहा आणि नाश्ता यांच्या मध्ये कधीतरी जाते. माझी मुलगी भाविका घरातल्या कुठल्यातरी वस्तूचा मोबाइलवर अगदी जवळून फोटो काढते, इतक्या जवळून की ती बनवणाऱ्यानेही ओळखू नये, आणि घरच्या ग्रुपवर टाकते. खाली लिहिते, ‘काय असेल?’ मग सगळ्यांनी उत्तरं द्यायची. सगळे म्हणजे माझी बायको पुष्पलता, मुलगा दर्पण, पालघरला दिलेली माझी बहीण चारुता आणि मी. दर्पण कधीच उत्तर देत नाही, त्याला असल्या गोष्टींत रस नाही. पुष्पलता मासळी साफ करताकरता फोनकडे एकदा तिरकं बघते आणि बरोबर उत्तर सांगते. मी सगळ्यात आधी लिहितो, सगळ्यात ठामपणे लिहितो आणि चुकतो.

कारल्याचा फोटो आला तेव्हा मी लिहिलं, ‘चाळणी.’ आप्पेपात्राला मी ‘उन्हात बसलेली कासवं’ म्हटलं. पुष्पलतेच्या टाचा घासायच्या वजरीला ‘जाळीदार घावन’ म्हटलं, तेव्हा ती आतून ओरडली, “वाढू का मग ताटात?” चारुताने हसून हसून रडणारे चेहरे पाठवले. एक-दोन नव्हे, अख्खी ओळ. मी तिचा थोरला भाऊ आहे हे ती रविवारी विसरते.

आता लोकांना वाटेल, हा माणूस आयुष्यभर करत तरी काय होता? तर ऐका, हसू नका. मी आयुष्यभर डोळ्यांचंच काम करतो. मी डायवाला.

बायका कानात घालतात ती सोन्याची फुलं, गळ्यातल्या हारातली पानं, ती नक्षी काही सोनार एकेक हाताने उठवत बसत नाही. पोलादाच्या छोट्या ठोकळ्यात ती नक्षी आधी खोल कोरलेली असते. त्यावर सोन्याचा पातळ पत्रा ठेवून दाब दिला की पत्रा त्या खोलगटात बसतो आणि वरून फूल उठून दिसतं. तो ठोकळा म्हणजे डाय. चिंचणी-तारापूरच्या किनाऱ्याला आमच्या गावासारख्या गावांतून घरोघर डाय कोरणारे बसलेले असतात. खिडकीपाशी पाट, डाव्या हाताला दिवा, उजव्या डोळ्याला भिंग, हातात छिन्नी आणि पोरांच्या खेळण्यातली वाटावी एवढी हातोडी. मुंबईच्या झवेरी बाजारातून शेट नक्षी पाठवतो, आम्ही डाय करून पाठवतो. कुणाच्या लग्नात कोण काय घालून मिरवलं, आम्हाला पत्ता नसतो.

तसा मी नाखव्याचा मुलगा. बापाची बोट होती, आजोबाची होती, घरात माशाशिवाय दुसरा विषय नव्हता. पहिल्यांदा बोटीवर गेलो आणि किनारा दिसेनासा व्हायच्या आत ओकलो. दुसऱ्यांदा बंदरातच ओकलो. तिसऱ्यांदा बोट अजून वाळूवर होती. बापाने कपाळावर हात मारला आणि आईला म्हणाला, “ह्याला जमिनीवरच ठेव. दर्यात मासं हसतात ह्याला.” मग गल्लीतल्या हरेश्वरकाकांच्या पाटाशेजारी मला बसवलं. पोलाद हलत नाही, डुलत नाही, त्याला वास येत नाही. माझं पोट ठिकाणावर आलं आणि धंदाही मिळाला.

तर कारल्याची चाळणी का झाली, याचं माझ्याकडे पक्कं कारण होतं आणि मी ते दर रविवारी ऐकवायचो. डायवाला खड्डा कोरतो, पण डोक्यात मात्र फूल बघत असतो. खोल ते उंच आणि उंच ते खोल, असं उलटं वाचायची डोळ्यांना सवय लागते. त्यातून आमचा दिवा कायम डावीकडे. फोटोत उजेड दुसऱ्या बाजूने आला की आमच्यासाठी सगळा खेळ फिरतो. कारल्याचे उंचवटे मला खड्डे दिसणार, आप्पेपात्राचे खड्डे कासवाच्या पाठी दिसणार. गावातला कुठलाही डायवाला आणून बसवा, तोही हेच म्हणेल. हे मी ग्रुपवर सविस्तर लिहिलं. भाविकाने त्याखाली अंगठा टाकला आणि पुढचा फोटो टाकला.

पण भाविकाने हा खेळ काढला होता तो गंमत म्हणून नाही, आणि मलाही ते माहीत होतं. ती बोईसरला औषधाच्या कारखान्यात प्रयोगशाळेत कामाला आहे. तिथे दिवसभर काचेतून बारीक बघायचं, त्यामुळे कुणाला काय दिसत नाही हे तिला लगेच दिसतं. मी चहात साखरेऐवजी मीठ घातलं, बशीतला कढीपत्ता झुरळ समजून उडवला, शेजारच्या बबलूला “काय धीरज, कधी आलास?” म्हणालो. तिने दोन-तीनदा विचारलं, “बाबा, डोळे दाखवूया का पालघरला?” मी म्हणालो, “डायवाल्याचे डोळे डॉक्टरपेक्षा चांगले असतात.” मग तिने फोटो टाकायला सुरुवात केली.

मला नुसती भीती वाटत होती, बाकी काही नाही. डॉक्टरने भिंगातून बघितलं आणि म्हणाला ‘डोळा गेला’, तर पाट गेला. पाट गेला तर मी कोण? बोटीवर बसता न आलेला, खिडकीपाशीही बसता न येणारा एक म्हातारा. गावात मला कुणी नुसतं कमलाकांत म्हणत नाही, कमलाकांत डायवाला म्हणतात. मला ते मागचं नाव हवं होतं. म्हणून डॉक्टर नको होता.

भाविकाने शर्त घातली. लागोपाठ तीन वस्तू ओळखल्या तर डोळ्यांचा विषय बंद. मी म्हणालो, मंजूर. दिवाळी गेली तेव्हा ती म्हणाली, “लागोपाठ राहूदे, एकूण तीन.” संक्रांतीला म्हणाली, “बरं, होळीपर्यंत एक. एक तरी बरोबर सांगा, बाबा.” माझा भाव इतका उतरला होता आणि तरी मी ताठ.

आणि ताठ असायला माझ्याकडे पुरावा होता. त्या वर्षात शेटने दोनदा फोन करून माझं कौतुक केलं होतं. “कमलाकांतभाई, यंदा कामात काय सफाई आली आहे! पाकळी न् पाकळी बोलते.” हे मी जेवताना घरी सांगितलं. परत सांगितलं. चारुताला फोन करून सांगितलं. “डोळे गेले असते तर शेटने असं म्हटलं असतं? साठीला हात सुधारलाय माझा!” दर्पण अर्धं ताट ठेवून हात धुवायला उठला. मला वाटलं, जळतोय.

कारण दर्पण माझ्या पाटावर बसला नाही. मी त्याला लहानपणापासून छिन्नी देत होतो, तो ती खिडकीत ठेवून बाहेर जात होता. शिकला आणि सरावलीला एका शेडमध्ये लागला, जिथे मशीनवर डाय बनते. कॉम्प्युटरवर नक्षी काढायची, बटण दाबायचं, यंत्र कोरत बसतं. मी त्याला घरात ‘बटणवाला’ म्हणायचो. “आला का बटणवाला? जेवायला वाढा, बोटं दमली असतील त्याची.” तो हात धुऊन पानावर बसायचा. माझं एक काम मात्र करायचा: मी कोरलेल्या डाय तो सकाळी बॅगेत टाकून न्यायचा आणि बोईसरहून शेटला कुरिअर करायचा. तेवढा उपयोग आहे, असं मी म्हणायचो.

होळी जवळ आली. मी विचार केला, सरळ मार्गाने जमत नसेल तर वाकड्या मार्गाने जाऊ. वस्तू घरातलीच असणार. मग शनिवारी घर रिकामं असताना सगळं घर जवळून बघून ठेवलं तर? मी भिंग डोळ्याला लावलं आणि स्वयंपाकघरात शिरलो. किसणी बघितली, पोळपाट बघितला, लायटरचं टोक बघितलं, पिठाच्या डब्यात डोकं घालून गाळणी बघितली. पुष्पलता बोईसरच्या बाजारात सुकी मासळी विकायला गेलेली; ती लवकर परत आली तेव्हा मी तिची फणी दिव्याजवळ धरून बसलो होतो.

“अवो, काय हरवलं?”

“काही नाही.”

“मंग माझ्या फणीत काय शोधता? उवा?”

माझ्या भुवयांना पीठ लागलेलं होतं. तिने टोपली खाली ठेवली. “आमी काय मेलो हाय का? डोळे दाखवा म्हणते पोर, तर डोळे दाखवायचे. फणी कशाला तपासायची?” असं म्हणून फणी हिसकावून आत गेली.

शनिवारीच संध्याकाळी मी भाविकाला मोरीत वाकून साबणाच्या डबीचा फोटो काढताना पाहिलं. दार थोडं उघडं होतं, मी पाय न वाजवता मागे फिरलो. रात्रभर खुशीत झोपलो. सकाळी फोटो येताच, उघडायच्याही आत, मी लिहिलं, ‘साबणाची डबी.’ फोटो होता लसणाच्या सालीचा. भाविकाने मला दारात बघितलेलं होतं आणि मुद्दाम डबीसमोर वाकली होती. पोर माझीच आहे, काय बोलणार?

होळीच्या आधीच्या रविवारी शेवटचा फोटो आला. मी या वेळी घाई केली नाही. फोन खिडकीत नेला, भिंग लावलं, चष्मा लावला, दोन्ही काढलं. पांढुरक्या जागेवर बारीक, काळपट, वाकडंतिकडं काहीतरी पसरलेलं होतं. आणि मला ओळख पटली! नाखव्याच्या पोराला ही इवलीशी कोलंबी ओळखू येणार नाही तर कुणाला? मी लिहिलं, ‘वाळत घातलेला जवळा.’ आणि खाली पुन्हा लिहिलं, ‘शंभर टक्के.’

पुष्पलतेने आयुष्यात इतका जवळा वाळवला आहे की तिने हे वाचून पाणी प्यायचं थांबवलं. भाविका उठून माझ्यापाशी आली. हसत नव्हती. तिने भिंतीवरचं कॅलेंडर काढून माझ्या मांडीवर ठेवलं आणि तारखेच्या चौकोनातल्या बारीक अक्षरांवर बोट ठेवलं, जिथे तिथी आणि नक्षत्र छापलेलं असतं.

“बाबा, हा छापील कागद हाय. कागदाला खड्डा नसतो, उंचवटा नसतो. दिवा कुठल्याही बाजूला ठेवा. आता काय सांगाल?”

मी कॅलेंडर डोळ्यांजवळ नेलं. अक्षरांकडे बघत राहिलो. मला खरंच जवळा दिसत होता.

पालघरला डॉक्टरीणबाईंनी डोळ्यात थेंब घातले, यंत्रावर हनुवटी ठेवायला लावली आणि म्हणाल्या, “उजव्या डोळ्यात मोतीबिंदू चांगला पिकला आहे, डावाही कमजोर आहे. काम काय करता?” मी सांगितलं. त्यांनी यंत्राच्या बाजूने मान काढून माझ्याकडे बघितलं. “बारीक कोरीवकाम? या डोळ्याने? गेलं वर्षभर तरी तुम्हाला नीट दिसलं नसणार.”

“दिसलं नसेल,” मी छाती काढून म्हणालो, “पण हाताला डोळे असतात, बाई. विचारा आमच्या शेटला. या वर्षात माझं काम सगळ्यात चांगलं झालंय.”

सोबत दर्पण आला होता. तो बाहेर पाणी आणायला गेला.

ऑपरेशन झालं. पट्टी निघाली, काळा चष्मा लागला, आणि मग एके दिवशी तो चष्माही काढायला परवानगी मिळाली. त्या दिवसाचं मी काय सांगू! आमच्या भिंती पांढऱ्या नाहीत, पिस्त्याच्या रंगाच्या आहेत, हे मला कळलं. अंगणातल्या चिकूच्या पानांना शिरा असतात. मी पुष्पलतेकडे बघितलं आणि आनंदाच्या भरात म्हणालो, “अगं, किती पांढरे झाले तुझे केस!”

“झाले नाय. होते,” ती म्हणाली. त्या दिवशी मला चहा दोनदा मागावा लागला.

आणि रविवार आला. भाविकाने फोटो टाकला: ‘ऑपरेशननंतरचा पहिला. बाबांसाठी एकदम सोपा. काय असेल?’

करडं पोलाद. त्यात खोल कोरलेलं एक पाच पाकळ्यांचं फूल. ऑपरेशनच्या आधी शेवटची म्हणून मी हीच नक्षी कोरून दर्पणच्या हातात दिली होती. कुरिअरला जायची राहिली असेल, भाविकाने त्याच्या बॅगेतून काढून फोटो घेतला असेल. डाय! पोरीने मला जिंकवायचं ठरवलं होतं. मी लिहायला बोट उचललं, तेवढ्यात ग्रुपवर उत्तर येऊन पडलं. दर्पणचं. तो त्या रविवारी शिफ्टला होता. ज्याने आजवर एकाही फोटोला उत्तर दिलं नव्हतं, त्याने सगळ्यांच्या आधी लिहिलं होतं, ‘बाबांची डाय. सोपं हाय. दुसरा टाक.’

मी पुन्हा फोटो बघितला. आता मला दिसत होतं ना! बोटांनी फोटो मोठा केला, आणखी मोठा केला. पाचही पाकळ्या सारख्या होत्या. अगदी सारख्या, केसाचाही फरक नाही. माणसाच्या हाताने पाच पाकळ्या अशा होत नाहीत. माझी छिन्नी पहिल्यापासून जरा डावीकडे कलते, माझ्या फुलाची डावी पाकळी नेहमी किंचित गुबगुबीत येते. हरेश्वरकाका त्यावरून मला शिव्या द्यायचे. या फुलात ती गुबगुबीत पाकळी नव्हती. आणि तळाशी, खड्ड्याच्या बुडाला, एकाशेजारी एक सरळ बारीक रेघा होत्या. तशा रेघा यंत्र काढतं.

शेटचं कौतुक आठवलं, एकेक शब्द आठवला. पाकळी न् पाकळी बोलते. साठीला हात सुधारलाय. जेवणावरून उठणारा दर्पण आठवला. मी ज्या कामावरून वर्षभर मिशीला पीळ देत होतो, ते काम बटणवाल्याचं होतं.

मी ग्रुपवर लिहिलं, ‘दर्पणची डाय.’

भाविकाने लगेच उत्तर दिलं, ‘चूक!!! बाबा, अहो तुमचीच आहे ती!’ चारुताने हसून रडणाऱ्या चेहऱ्यांची ओळ पाठवली. पुष्पलता आतून म्हणाली, “डोळं नवं आलं, डोकं जुनंच हाय.” माझं पहिलं बरोबर उत्तर चुकीत धरलं गेलं.

दुपारी तो शिफ्ट संपवून घरी आला आणि पडवीत बसून बूट काढायला लागला. बुटाची नाडी इतका वेळ कुणी सोडत नाही.

“दाखव,” मी म्हणालो.

त्याने बॅगेतून डाय काढून दिली. मी भिंग लावलं. पहिल्यांदा वरून बघितली, मग उलटी केली. आमच्यात प्रत्येक डायच्या बुडाला ज्याची त्याची खूण ठोकलेली असते. ही खूण आपली आपण घ्यायची नसते; ज्याने शिकवलं तो शागिर्दाचा हात बसला की त्याच्यासाठी खुणेचा शिक्का कोरून देतो. हरेश्वरकाकांनी मला होडीचा दिला होता. जो होडीत बसू शकला नाही त्याला होडी. काकांचा विनोद असाच होता. या डायच्या बुडाला माझी होडी होती.

“शिक्का कुठनं घेतलास?”

“तुमच्या खणातनं. ठोकून परत ठेवायचो.”

“कधीपासून?”

दर्पण बुटांकडे बघत बोलत होता. मागच्या वर्षी कुरिअरने एक डाय शेटकडून परत आली होती. फोन नंबर दर्पणचा, म्हणून त्याच्याकडे आली. शेटने म्हटलं होतं, कमलाकांतभाईंना सांगा, असं चालणार नाही. “मी शेडच्या मालकाला विचारलं, शिफ्ट झाल्यावर मशीन वापरू का. तो हो म्हणला. तवापासनं.”

“आणि मी केलेल्या?”

“शेडवर हायत.”

“उद्या आण.”

“कशाला, बाबा?”

“आण म्हणतो ना!”

दुसऱ्या दिवशी त्याने बिस्किटांचा मोठा डबा आणून माझ्यापुढे ठेवला. मी एकेक डाय काढून नव्या डोळ्याने बघितली. देवा! फुलं नव्हती ती, कोंबड्यांनी उकरलेलं परस होतं. एका पानाचा देठ पानाबाहेर गेला होता. एका मोराला चोच मानेतून निघाली होती. असलं काम कुणी माझ्याकडे शिकायला येऊन केलं असतं तर मी त्याची छिन्नी खाडीत टाकली असती. आणि हे मी शेटला पाठवतोय असं समजून, छाती काढून, वर्तमानपत्रात गुंडाळून देत होतो. मला हसू आलं. मग हसू थांबलं.

“ह्या फेकल्या का नाहीस रे?”

“तुमी कोरलेल्या हायत,” तो म्हणाला.

मला रडू आलं. लपवलं नाही. लपवायला काळा चष्माही नव्हता आता.

दुपारी मी शेटला फोन लावला. दर्पण समोर होता, हाताने नको नको करत होता. मी म्हणालो, “शेट, वर्षभर तुम्ही ज्या कामाचं कौतुक केलंत ते माझ्या मुलाचं आहे. मशीनवरचं. माझा डोळा गेला होता.”

शेट म्हणाला, “मला वाटलंच होतं, कमलाकांतभाई. साठीला कुणाचा हात सुधारतो? पण तुम्ही इतके खूश होता, म्हटलं कशाला विचारा. मग आता पुढचं काम त्याच्याच नावाने पाठवू का?”

याच प्रश्नाच्या भीतीने मी वर्षभर कारल्याला चाळणी म्हणत होतो, साबणाच्या डब्यांवर पाळत ठेवत होतो, डॉक्टर टाळत होतो. “पाठवा,” मी म्हणालो. वाईट वाटलं, खूप वाटलं. फोन ठेवल्यावर बराच वेळ पाटाकडे बघवलं नाही. पुष्पलतेने न मागता चहा आणून ठेवला, त्यावरून माझं तोंड कसं झालं असेल ते समजा.

मग दर्पण म्हणाला, “बाबा, होडीच ठोकत जाईन मी.”

“माझी होडी तुझ्या कामाला कशाला?”

“मंग कोणची ठोकू? मला खूण नाय.”

खरंच नव्हती. त्याला शिकवलं यंत्राने, आणि यंत्र कुणाला शिक्का कोरून देत नाही. मी खिडकीपाशी बसलो. दिवा डावीकडे ठेवला, भिंग लावलं, पोलादाची कांडी शिकंज्यात धरली आणि तिच्या टोकावर ‘द’ कोरायला घेतला. नवा डोळा, स्वच्छ उजेड, हात चालत होता. अक्षर इतकं सुबक, इतकं सरळ उतरत गेलं की मी स्वतःवर खूश झालो. दर्पण शेजारी बसून बघत होता, लहानपणी एवढा वेळ कधी बसला नव्हता. कोरून झालं, मी शिशाच्या तुकड्यावर शिक्का ठेवला आणि हातोडी मारली.

‘द’ उलटा उठला.

शिक्क्यावर अक्षर उलटं कोरायचं, तर ते सरळ उठतं. हे आमच्या धंद्यातलं पोरगंसुद्धा पहिल्या दिवशी शिकतं. जन्मभर उलटं कोरलं, आणि डोळ्याला नीट दिसायला लागलं त्या आनंदात सरळ कोरून बसलो. पुष्पलता दारातून बघत होती, तिने तोंडाला पदर लावला. मी म्हणालो, “दे इकडे, घासून पुन्हा करतो.” दर्पणने शिक्का मुठीत धरला आणि खिशात टाकला.

पुढच्या डाय शेटकडे पोचल्या तेव्हा त्याचा दर्पणला फोन आला. मी शेजारीच होतो, शेटचा आवाज मला ऐकू येत होता: काम फर्स्ट क्लास, पण खूण उलटी ठोकली गेली आहे, शिक्का बदलून घे.

“उलटी नाय, शेट,” दर्पण म्हणाला. “बाबांनी दिलीय ती.”